टेस्टरचे आठही दिवे लागले, तरी

स्पीड टेस्टवर ९४ एमबीपीएसचा (सेकंदाला मेगाबिट, म्हणजे इंटरनेटचा वेग) आकडा दिसला की मी आधी केबल दाखवा म्हणतो, इंटरनेट कुठल्या कंपनीचं ते नंतर. प्लॅन ३००चा असो की ५००चा, आकडा ९३-९४ला येऊन अडला म्हणजे राउटर आणि संगणकामधली जोडणी गिगाबिटवरून, म्हणजे १००० एमबीपीएसवरून, १००वर घसरलेली असते. उरलेले पाच-सहा एमबीपीएस पॅकेटच्या, म्हणजे डेटाच्या छोट्या गठ्ठ्यांच्या, पत्त्यांत आणि दोन पॅकेटांमध्ये सोडाव्या लागणाऱ्या मोकळ्या जागेत जातात. तारेवरून १५३८ बाइट गेले, तर त्यातले आपल्या कामाचे १४६०च.

कर्वेनगरच्या त्या फ्लॅटमध्ये काकांनी आल्या आल्या वहीच पुढे केली. इंटरनेट कंपनीकडे केलेल्या तक्रारी, तारीखवार, तक्रार क्रमांकासकट. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, नोंदी चोख. “वायफायवर मोबाईलला २८० येतात आणि वायरवर ९४. उलटंच नाही का हे सगळं?” मुलगा घरूनच व्हिडिओ एडिटिंग करतो, त्याच्या खोलीत हे ९४. अभ्यासिकेत तर कधी ३०, कधी ८, मध्येच लिंकच गायब.

कंपनीचा माणूस राउटरला स्वतःचा लॅपटॉप जोडून ३०० दाखवून गेला होता. काकांच्या मते ती थाप. पण तो खरंच बोलत होता. बिघाड राउटरच्या पुढे, भिंतीत होता. मुलाच्या संगणकावर लिंक स्पीड १००/१०० दिसत होता. भिंतीपासून संगणकापर्यंतची छोटी केबल (पॅच कॉर्ड) बदलून पाहिली, फरक शून्य.

नूतनीकरणाच्या वेळी वायरिंग केलेला इलेक्ट्रिशियन जवळच राहायचा. काकांनी त्यालाही बोलावून घेतलं. तो जरा घुश्शातच आला. “टेस्टर लावून दिलेलं काम आहे, साहेब.” म्हटलं, लावा पुन्हा. अभ्यासिकेच्या लाइनवर दोन्ही टोकांना एक ते आठ दिवे, केबलमधल्या प्रत्येक तारेचा एक, ओळीने लागले. त्याने माझ्याकडे असं काही पाहिलं की काकांनी लगेच चहा टाकायला सांगितला.

मी प्लग प्रकाशात धरला. केशरी जोडी, हिरवी जोडी, निळी जोडी, तपकिरी जोडी, रंगाला रंग लावून शेजारी शेजारी. दिसायला सुरेख. “दोन्हीकडे सारखंच लावलंय की, मग बिघडलं काय?” त्याचा प्रश्न रास्त होता आणि तो टेस्टर त्याचं उत्तर कधीच देणार नव्हता. तो फक्त या टोकाची तार त्या टोकाला पोहोचते का एवढंच पाहतो. पण नेटवर्कमध्ये तीन आणि सहा नंबरच्या पिना एक जोडी म्हणून काम करतात. जोडीतल्या तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असल्या की बाहेरची खरखर दोघींवर सारखीच पडते आणि पलीकडे वजा होते. इथे तीन नंबर हिरव्या पिळात, सहा नंबर निळ्या पिळात. म्हणजे पीळ असून नसल्यासारखा, आणि एका जोडीचा सिग्नल दुसरीत मिसळतोय. म्हणून हिरवी-पांढरी तिसरी, मग निळी, निळी-पांढरी आणि सहावी हिरवी, असा तो विचित्र वाटणारा क्रम पाळायचा. दोन्ही टोकं नव्याने क्रिम्प केली, म्हणजे तारा या क्रमाने प्लगमध्ये दाबून बसवल्या, आणि अभ्यासिकेत २९० आले.

मुलाच्या खोलीतलं दुखणं वेगळं. तिथे क्रम बरोबर, पण टेस्टरचा सात नंबर मेलेला. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात, १-२ आणि ३-६, गिगाबिटला चारही. त्यामुळे तपकिरी जोडी तुटली तरी इंटरनेट बंद पडत नाही, चालत राहतं, आणि शिव्या कंपनीला बसतात.

भिंतीवरची प्लेट उघडली, तर वळणावरच तार तुटलेली. टोक सोलायला घेतलं, तर दुसरीही हातात आली. ब्लेडने खरवडल्यावर आत पांढरीशुभ्र! तांब्याचा नुसता मुलामा, आत ॲल्युमिनियम. उरलेलं खोकं माळ्यावर होतं. त्यावर मोठ्या अक्षरांत केबलची प्रत, ‘कॅट ६’, आणि कडेला बारीक टायपात ‘सीसीए’, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. खरं तर कॅट ६च्या मानकाला अख्खं तांबंच लागतं. या तारेचा रोध दीडपट भरतो, म्हणून वीज नेताना ती जास्त तापते, आणि दोन-चारदा वाकवली की मोडते. याच खोक्यातली केबल गेटवरच्या कॅमेऱ्यांना, वीजही तिच्यातूनच, असं इलेक्ट्रिशियनने सांगितलं तेव्हा मात्र मला राग आला. त्याच्यावर नाही, दुकानदाराने ‘सेम टू सेम’ म्हणून त्याच्या गळ्यात मारली होती. कॅमेऱ्यांचंही बदला, एवढं त्याला बजावलं.

जुन्या केबलच्या टोकाला नवी, शुद्ध तांब्याची बांधून आम्ही दोघांनी मिळून पाइपातून ओढली. मुलाची खोली झाली, अभ्यासिकेचीही बदलून टाकली. हॉलमधल्या टीव्हीची लाइन मात्र बीमखालच्या वळणावर अडकली, तसूभर हलेना. भिंत फोडू का, काकांनी विचारलं. टीव्हीची माहिती काढून पाहिली, तर त्याचा लॅन पोर्टच १००चा. ती तशीच ठेवली.