क्लॉक आधी बंद, इंटरप्ट नंतर मोकळा

आयटूसी (चिप जोडणारी दोन तारांची बस) कंट्रोलरच्या लिनक्स ड्रायव्हरवरचा एक पॅच, म्हणजे कोडमधला बदल, तपासायला आला. वर्णन एका ओळीचं: डेव्हएम वापरून कोड सोपा केला. डेव्हएम म्हणजे ड्रायव्हरने घेतलेल्या गोष्टी कर्नलने आपोआप सोडायची सोय. इंटरप्ट (हार्डवेअरची हाक) मागणाऱ्या रिक्वेस्ट-आयआरक्यूच्या जागी त्याचं डेव्हएम रूप, रिमूव्हमधलं (ड्रायव्हर काढताना धावणारं फंक्शन) इंटरप्ट सोडणारं फ्री-आयआरक्यू गेलेलं, प्रोबमधलं (ड्रायव्हर जोडताना धावणारं फंक्शन) एररचं लेबलही गेलेलं. वॉर्निंग एकही नाही, पॅचची मांडणी तपासणारं चेकपॅच गप्प. अशा वेळी मी नुसता डिफ वाचून थांबत नाही, रिमूव्ह फंक्शन पूर्ण उघडतो. डिफमध्ये बदलाच्या आजूबाजूच्या तीन-तीन ओळीच दिसतात. गोम बहुतेकदा त्यांच्या बाहेर असते.

इथे ती क्लॉकमध्ये, म्हणजे कंट्रोलरला चालवणाऱ्या ठोक्यांच्या सिग्नलमध्ये होती. आधी रिमूव्ह इंटरप्ट सोडायचं, मग क्लॉक बंद करायचं. डेव्हएमने घेतलेल्या गोष्टी मात्र रिमूव्ह संपल्यावर, घेतल्याच्या उलट क्रमाने सुटतात. म्हणजे पॅचनंतर क्लॉक बंद झालेलं आणि हँडलर (इंटरप्ट आल्यावर धावणारं फंक्शन) अजून नोंदलेला. इंटरप्टची लाइन दुसऱ्या कंट्रोलरबरोबर सामायिक होती, त्यामुळे शेजाऱ्याच्या इंटरप्टवरही हा हँडलर धावणार आणि स्टेटस रजिस्टर वाचणार. क्लॉक नसलेल्या ब्लॉकचं रजिस्टर वाचलं की काही एआरएम चिपवर अॅबॉर्ट (प्रोसेसरने दिलेला एरर) येतो. काहींवर बसच अडकते आणि लॉगमध्ये अक्षरही उमटत नाही.

मॉड्यूल एकदा घालून-काढून हे सहसा दिसत नाही, कारण क्लॉक बंद होणं आणि हँडलर निघणं यांतली फट फार लहान असते. कर्नल कॉन्फिगमध्ये डीबग-एसएचआयआरक्यू चालू केलं. मग सामायिक इंटरप्ट सोडताना कर्नल स्वतःच हँडलर एकदा जादा बोलावतो. सिसएफएसमधून (कर्नलच्या सेटिंग फाइलरूपात दाखवणारी जागा) ड्रायव्हर अनबाइंड करताच, म्हणजे डिव्हाइसपासून सोडवताच, अॅबॉर्ट आला.

रिमूव्हमध्ये इंटरप्टची लाइन बंद करणारं डिसेबल-आयआरक्यू टाकणं हा उपाय नव्हे. सामायिक लाइनवर त्याने शेजारचा कंट्रोलरही मुका होतो. वाटा दोनच: इंटरप्ट होता तसा ठेवायचा, नाहीतर क्लॉकही डेव्हएमवर न्यायचं. 6.0 कर्नलपासून क्लॉक मिळवून चालू करणारं डेव्हएम फंक्शन आहे. पण ते प्रोबमध्ये इंटरप्टच्या आधी यायला हवं. या ड्रायव्हरमध्ये क्लॉक इंटरप्टच्या नंतर घेतलं होतं, त्यामुळे नुसतं नाव बदलून तोच दोष राहिला असता. हँडलर एखादं वर्क (नंतर करायचं काम) रांगेत टाकत असेल, तर रिमूव्हमधलं ते रद्द करणारं कॅन्सल-वर्क-सिंकही अपुरं पडतं. रद्द केल्यावर हँडलर ते पुन्हा टाकू शकतो.

पॅच परत पाठवताना क्लॉकची ओळ वर घ्यायला सांगितलं. सोडण्याचा क्रम काय होईल आणि चाचणी बोर्डवर झाली की फक्त कंपाइल करून पाहिलं, हेही कमिट मेसेजमध्ये मागितलं.