आमची वाटचाल : नौपाड्यातील हातसूत

ठाण्यातील कातणाऱ्या मंडळींना नौपाड्यातील आमचे दुकान पेटीचरखे, टकळ्या आणि पेळूंसाठी, म्हणजे कातण्यासाठी पिंजून वळलेल्या कापसाच्या सुरळ्यांसाठी, ठाऊक आहे. ते एकदा बंद होण्याच्या बेतात आले होते, हे मात्र थोड्यांनाच माहीत असेल.

झाले असे, की एका व्यापाऱ्याने गिरणीचे सूत ‘हातसूत’ म्हणून आमच्या निम्म्या दराने विकायला सुरुवात केली. 1956 च्या खादी व ग्रामोद्योग आयोग कायद्याने खादी म्हणजे हातसुताचे, हातमागावर विणलेले कापड. पण सुटी लडी घेताना गिऱ्हाईक फक्त भाव विचारते. विणकामाचे वर्ग चालवणाऱ्या एका बाईंनी तर दोन्ही लड्या आमच्यापुढे ठेवून, “त्यांचे सूत बघा कसे एकसारखे आहे,” असे सुनावले. हाताने ओढलेला धागा जरासा जाड-बारीक असतो आणि तीच त्याची खूण आहे, हे ऐकून घेण्याची त्यांची तयारी नव्हती. त्यांच्यामागोमाग बरीच नेहमीची गिऱ्हाइके गेली.

त्या काळात दुकानाचे भाडे निघाले ते आमच्या भागीदारांमुळे. वागळे इस्टेटमध्ये लेथवर दिवसभर दुसऱ्यांची कामे करून ते रात्री आमच्या चरख्यांच्या चात्या, म्हणजे धाग्याला पीळ देणाऱ्या बारीक सळ्या, घडवीत. चातीला केसभर बाक असला तरी ती थरथरते आणि धागा टोकाशी तुटतो. म्हणून प्रत्येक चाती काचेवर गडगडवून पाहिल्याशिवाय ते ती हातावेगळी करीत नसत, आणि तशी सक्ती त्यांच्यावर कोणी केलेली नव्हती.

अलीकडे घोडबंदर रस्त्यावरील तरुण मंडळी मन शांत व्हावे म्हणून येरवडा चक्र घेऊन जातात. गांधीजींच्या तुरुंगवासात आकाराला आलेल्या या पेटीचरख्यावर उजवा हात चाक फिरवतो आणि डावा पेळू ओढतो. दोहोंचा मेळ चुकला की पीळ जास्त होऊन धाग्याला वेटोळी पडतात, नाहीतर कमी पडून तो निसटतो. लक्ष आपोआप जागेवर राहते, त्यासाठी वेगळे शिबिर नको. पेळू मात्र आवळून धरू नये, पावसाळ्यात तो घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा, आणि तेल चातीच्या आधारांना द्यावे, टोकाला नव्हे, सूत डागते.

वर्गवाल्या बाई आता पेळूंसाठी पुन्हा आमच्याकडे येतात. सूत अजून त्या व्यापाऱ्याकडूनच घेतात, म्हणून त्यांना उधारी नाही.