हिशेबात काढलेली दोन माणसं

खर्चाचा तास मी नेहमी सकाळीच घेते. जेवणं झाली की आकड्यांकडे कुणाचं लक्ष राहत नाही. त्या दिवशी डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावर, समाजमंदिरात, आमच्या प्रशिक्षणाचा सहावा दिवस होता. समोर अठ्ठावीस बाया, सगळ्या वारली, सगळ्या बचत गटातल्या. चित्रं काढायला आम्ही त्यांना काय शिकवणार? आम्ही शिकवत होतो तो हिशेब, बिल आणि बँकेचा व्यवहार.

वर्ग पाड्यावरच घ्यायचा, हा माझा हट्ट होता. बायांना संस्थेत बोलावलं की निम्म्या येत नाहीत. कुणाचं मूल लहान असतं, कुणाची शेळी व्यालेली असते. तिथून कोसबाडची टेकडी फार लांब नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत सुरू केलेलं काम पुढे याच टेकडीवर नेलं. मुलं गुरांमागे रानात जातात म्हणून शाळाच त्यांच्यामागे रानात नेली, तिला कुरणशाळा म्हणाल्या. या तालुक्यात शिकवायला उभी राहिले की मला ती गोष्ट आठवतेच.

गटाला नुकतीच मोठी ऑर्डर आली होती. मुंबईच्या एका व्यापाऱ्याला दीड फूट बाय एक फूट कापडावरची शंभर चित्रं हवी होती, नगाला अडीचशे रुपये. बाया खूश होत्या. मी म्हटलं, हीच ऑर्डर घेऊ आणि एका चित्राचा खर्च मांडू. गटाची सचिव दहावी शिकलेली पोरगी, ती फळ्यावर लिहीत गेली. कापड चाळीस. गेरू, पांढरा रंग, फेव्हिकॉल मिळून वीस. स्टेशनपर्यंतचं रिक्षाभाडं नगामागे पंधरा. एकूण पंच्याहत्तर. अडीचशेतून पंच्याहत्तर गेले, एकशे पंच्याहत्तर सुटले. "चांगलं आहे की," मागून कुणीतरी म्हणालं.

"आणि मजुरी?" मी विचारलं.

"मजुरी कसली मॅडम? घरीच तर काढतो."

हे वाक्य मला नवं नव्हतं. बँकेच्या कर्जविभागात मी अठरा वर्षं काढली. बायकांच्या प्रकल्प अहवालांत मजुरीच्या रकान्यात 'घरची' असं लिहिलेलं असायचं आणि पुढे शून्य. पापड असो, गोधडी असो, तेच. त्या शून्यावर मी सह्या केल्या आहेत. नफा मोठा दिसायचा, कर्ज मंजूर व्हायचं, आणि वर्षभरात ती बाई दमून धंदा बंद करायची. का, हे मी तेव्हा विचारलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

भिंतीला टेकून एक आजी बसल्या होत्या. पाच दिवसांत त्या फारशा बोलल्या नव्हत्या. आसपासच्या पाड्यांवर लग्न असलं की चौक काढायला त्यांना आधी बोलावणं जातं. गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं सवाशिणी चौक काढतात, त्यात पालघट देवी येते, आणि तो झाल्याशिवाय लग्न लागत नाही. आजींना लिहिता येत नाही. त्या उठल्या आणि फळ्याशेजारी लावलेल्या तपकिरी कागदापाशी गेल्या. बांबूची काडी होती, टोक चावून मऊ केलेलं. सचिवेनं जिथे 'पंच्याहत्तर' लिहिलं होतं, त्याच्या शेजारी त्यांनी एक त्रिकोण काढला, त्याच्या टोकाला टोक लावून खाली उलटा दुसरा. वर डोक्याचा ठिपका, दोन हात, दोन पाय. बसलेलं माणूस. मग त्याच्या बाजूला तसंच दुसरं.

"ही मी," त्या म्हणाल्या. "आज बसले. ही पण मीच. उद्या बसले." त्या वारलीत बोलत होत्या, मी माझ्या भाषेत लिहिते आहे. "चित्राला दोन दिवस लागतात. हे दोन दिवस कुठे लिहिले तुम्ही?"

कुणी बोललं नाही.

मी विचारलं, "आजी, चिकूच्या वाडीवर रोज किती मिळतो?" तीनशे, सगळ्या एकदम म्हणाल्या. तो आकडा कुणालाच विचार करून सांगावा लागला नाही. मी प्रत्येक माणसाखाली तीनशे लिहिले. सहाशे, वर पंच्याहत्तर, सहाशे पंच्याहत्तर. मग उलटा हिशेब केला: सुटणारे एकशे पंच्याहत्तर भागिले दोन, म्हणजे दिवसाला सत्त्याऐंशी रुपये पन्नास पैसे. शंभर चित्रांचे दोनशे दिवस, आणि हातात साडेसतरा हजार. वाडीवर तेवढ्याच दिवसांचे साठ हजार झाले असते.

सचिव खडू हातात धरून फळ्याकडे बघत राहिली. एका बाईनं विचारलं, "मग चित्र काढूच नये का?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. आजीच म्हणाल्या, "लग्नाच्या चौकाचा भाव मी कधी केला नाही, करणारही नाही. पण हे लग्नातलं नाही. हे बाजारात जायचं आहे. बाजारात जायचं तर माझा दिवस धरायचा."

वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ज्या वर्षी पालघर जिल्हा झाला त्याच वर्षी. याच तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांची चित्रं जगभर गेली. याचा मला मनापासून अभिमान आहे. पण मानांकन नावाची राखण करतं, भाव ठरवत नाही. भाव शेवटी पाड्यावरच्या बाईला फोनवर सांगावा लागतो, आणि त्यासाठी तिला तो आधी स्वतःला माहीत असावा लागतो.

सचिवेनं दुपारी फोन लावला, स्पीकरवर. सहाशे पंच्याहत्तर सांगितले. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, मग राहू दे, दुसऱ्या पाड्यावरून घेतो. फोन बंद झाला. पंचवीस हजारांची ऑर्डर माझ्या तासामुळे गेली. रात्री मला झोप लागली नाही. दिवाळी तोंडावर होती आणि वीटभट्ट्यांचे मुकादम बयाणा घेऊन पाड्यापाड्यांवर फिरत होते. ज्या घरात पैसा नाही, ते घर मुलाबाळांसकट भिवंडी-वसईकडे जाणार, हे ठरलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात आजी नव्हत्या. आणखी तीन बायाही नव्हत्या. तो तपकिरी कागदही भिंतीवर नव्हता. कागद गुंडाळून त्या चौघी पहाटेच पलीकडच्या पाड्यावर चालत गेल्या होत्या, ज्या पाड्यावरून तो व्यापारी माल घेणार होता तिथे. काय बोलणं झालं ते मला नीटसं कळलं नाही. आजी एवढंच म्हणाल्या, "माणसं दाखवली. त्यांना कळलं." वाचता न येणाऱ्या बायांनाही तो हिशेब कळला, कारण तो त्यांच्याच अक्षरांत लिहिलेला होता.

बारा दिवसांनी व्यापाऱ्याचा फोन आला. घासाघीस झाली आणि सहाशेवर ठरलं. शंभर नाही, चाळीसच नग, दोन्ही पाड्यांत वाटून. म्हणजे दिवसाला दोनशे साडेबासष्ट, वाडीपेक्षा साडेसदतीस रुपये कमी. बायांनी ते कबूल केलं, कारण घर सोडावं लागत नाही, पोरांकडे लक्ष राहतं. त्यांचा निर्णय मला बरोबर वाटला.

त्या वर्षी सगळे थांबले असं नाही. आजींच्या सुनेनं बयाणा आधीच घेतला होता, ती नवऱ्याबरोबर भिवंडीला गेली. पण दर वर्षी त्यांच्याबरोबर भट्टीवर जाणारी नात आजींजवळ राहिली. जानेवारीत मी पाड्यावर गेले तेव्हा आजी ओटीवर कापड पसरून बसल्या होत्या. नात कुठे म्हणून विचारलं, तर त्यांनी काडीनंच शाळेकडे दाखवलं. ती चौथीत आहे. दिवाळीनंतरचा वर्ग तिनं यंदा पहिल्यांदा पाहिला.