सरकणारा डेड पिक्सेल

नारायणगावहून एक अल्बम डिझायनर २४ इंची मॉनिटर चादरीत गुंडाळून पुण्यात तपकीर गल्लीतल्या आमच्या सर्व्हिस काउंटरवर आला. "ताई, डेड पिक्सेल आलाय. वॉरंटी आहे, पॅनल बदलून द्या."

एका ठिपक्यासाठी पॅनल मिळत नाही, हे सांगून माझा घसा बसलाय. फुल एचडी पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल, म्हणजे चित्र बनवणारे बारीक ठिपके, आणि प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन तुकडे. कायमचा विझलेला तो डेड. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या जुन्या १३४०६-२ मानकात दुसऱ्या वर्गाच्या पॅनलला दर दहा लाखांमागे दोन कायम पेटलेले आणि दोन कायम विझलेले पिक्सेल माफ होते. त्याला यातलं काही ऐकायचं नव्हतं.

पांढरा, लाल, हिरवा, निळा पडदा लावून पाहिला. ठिपका सगळीकडे काळाच. भिंग लावलं तेव्हा मात्र शंका आली. मेलेला पिक्सेल आपल्या चौकटीत बसतो, कडा रेघ मारल्यासारख्या. हा तीन पिक्सेलांवर तिरका पसरलेला, वर धूसर. तेव्हा काही बोलले नाही. रंग मोजणारा मीटर लावण्याआधी पडदा अर्धा तास तापू द्यायचा असतो, म्हणून करडा रंग लावला आणि चहाला गेलो.

परत आलो तर ठिपका दोन बोटं वर!

तो भिंगातून बराच वेळ बघत राहिला. "अहो, हा आमच्या कांद्यावरचा फुलकिडा दिसतोय की!" असले किडे उजेडाला येतात, फटीतून शिरतात आणि बॅकलाइटच्या, म्हणजे पडद्यामागच्या दिव्याच्या, थरांत अडकतात. त्याचं बोट पडद्याकडे निघालेलंच होतं, मी हात धरला. आत चिरडला की तो डाग कायमचा.

हसून झालं, पण माझी नजर करड्या पडद्यावरून हलेना. उजवीकडचा पट्टा पिवळट होता. पांढऱ्यावर डोळा सरावतो, करड्यावर रंगाचा फरक लपत नाही. मान इकडेतिकडे करून पाहिलं. आयपीएस जातीच्या पॅनलची नेहमीची चमक कोनाबरोबर हलते, हा पट्टा जागचा हलला नाही. नऊ ठिकाणी मीटर लावला. मध्यावर ६,५०० केल्विनच्या आसपास, उजव्या कडेला तिन्ही ठिकाणी ५,८०० च्या खाली. हा आकडा जितका कमी, तितका पांढरा पिवळट.

"तुमच्या अल्बममध्ये उजव्या पानावरचे चेहरे निळसर छापून येतात का?"

तो एकदम गप्प झाला. "तीन महिने छपाईच्या लॅबवाल्याशी भांडतोय, ताई."

पडद्यावर चेहरा पिवळट दिसायचा, म्हणून हा डिझायनर त्यातला पिवळा काढत राहायचा. कागदावर निळा उरायचा.

ठिपक्याचा विषय सोडून मीटरचे आकडे जोडले आणि पॅनलचा दावा टाकला. किड्यासाठी मॉनिटर बंद करून कडेला टेबललॅम्प ठेवला, कधीकधी उजेडाकडे येतो बाहेर. तोवर डिझायनर दुकानाबाहेर लॅबवाल्याशी फोनवर होता. "दादा, तुमची काहीच चूक नव्हती असं मी म्हणत नाही, पण..."