टेक्स्कोकोचा बांध

आज दिवसभर मेक्सिको शहराचे जुने नकाशे समोर होते, आणि नजर अडकली ती टेक्स्कोको तळ्यातल्या बांधावर, टेक्स्कोकोचा राजा नेसाहुआल्कोयोत्लनं घातलेल्या. सुमारे १६ किलोमीटरचा. पूर्वेचं खारं पाणी तिकडेच अडायचं, पश्चिमेला गोडं राहायचं. त्या गोड्या पाण्यावर चिनाम्पा पिकायच्या: तळ्याचा गाळ उपसून रचलेले वाफे, कड धरायला वाळुंजाची झाडं.

१५२१ला अ‍ॅझ्टेकांच्या या तळ्यातल्या राजधानीला घातलेल्या वेढ्यात स्पॅनिशांनी जहाजं आत घुसवायला बांध फोडला. मग १५५५ला शहर बुडालं. १६०७ला तळ्याचं पाणी बाहेर काढायला बोगदा खणला, तोही भुसभुशीत मातीत, पुरेसं अस्तर न देता! कडा ढासळल्या, बोगदा तुंबला. १६२९चा पूर तर पाच वर्षं ओसरला नाही. खणायला वेठीवर कोण? आसपासच्या गावांतले मूळ रहिवासीच.