नववीच्या पोरांना मदत हवी ती जूनमध्ये

सरकारी आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंत पुस्तकं मिळतात, दुपारची खिचडी मिळते, सरकारी शाळेत गणवेशही मिळतो. नववीत पाय ठेवला की हे सगळं एकदम बंद, कारण शिक्षण हक्क कायदाच 6 ते 14 वयाचा, आठवीपर्यंतचा. आणि आमच्या हर्णै-दापोली पट्ट्यात हे नेमकं होतं जूनमध्ये, म्हणजे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, आंब्याच्या बागेतली मजुरी पण संपलेली, घरात रोख पैसा नाही आणि त्याच पंधरवड्यात शाळा उघडते. पुस्तकांचा सेट, वह्या, ड्रेस, छत्री, चप्पल, एसटीचा पास. मुलींना पास फुकट आहे हे फारच चांगलंय, पण मुलग्यांना सवलत असली तरी पैसे भरावेच लागतात.

दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला येतो, 2024 ला 99.01 टक्के, 2025 ला 98.82. मलाही अभिमान वाटतो. पण ती टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांची आहे हो, नववीतच शाळा सोडून जो बोटीवर गेला तो तिच्यात कुठेच नाही.

गावचे चाकरमानी मनापासून मदत करतात, फक्त वह्यावाटप होतं गणपतीत, तोवर पहिलं सत्र अर्धं सरलेलं असतं. मे महिन्यात तुम्ही गावी येताच ना, तेव्हाच शाळेच्या सरांना भेटा, कोणाला काय लागणारे ते विचारा आणि पैसे देऊन मोकळे व्हा. स्टेजवर उभं करून फोटो नकोत. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला वर्गातल्या मुलींसमोर फुकटची वही घेताना काय वाटतं याचा विचार करा, काही पोरं त्या दिवशी शाळेतच येत नाहीत.

आणि पैशाइतकीच गरज आहे ती फॉर्म भरून देणाऱ्या माणसाची. एनएमएमएस म्हणून केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा असते आठवीत, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये, म्हणजे चार वर्षांचे 48,000. खलाशाच्या घरात ही रक्कम लहान नाही. पण उत्पन्नाचा दाखला काढायला आईने एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जायचं, आधारवर नाव एक आणि शाळेच्या रजिस्टरला दुसरं, खातं आधारला लिंक नाही, आणि नंतर दरवर्षी पोर्टलवर रिन्यूअल, ते राहिलं की पैसे थांबले. अकरावीत ही शिष्यवृत्ती चालू राहायला दहावीला 60 टक्के लागतात (एससी-एसटीला 55) हेही बऱ्याच घरांत निकाल लागल्यावर कळतं.

तुमच्या वाडीत यंदा आठवीत कोण जाणार आहे तेवढं बघा. दाखला आणि आधारचं नाव उन्हाळ्यातच नीट करून घ्या, फॉर्म निघाल्यावर धावपळ करून ते होत नाही.