गेम ऑफ लाइफ लिहिताना कॉपीने घेतलेल्या तीन संध्याकाळी

"जुन्या ग्रिडची एक कॉपी घ्या आणि नवी पिढी तिच्यात लिहा." गेम ऑफ लाइफ म्हणजे चौकटींच्या ग्रिडवरचा खेळ, प्रत्येक चौकट म्हणजे सेल जिवंत किंवा मेलेला असतो आणि ठरलेल्या नियमांनी सगळ्यांची पुढची पिढी ठरते. तो प्रोग्रॅम लिहायला मी वाचत होते त्या ट्युटोरियलमध्ये या विषयावर एवढं एकच वाक्य होतं, आणि माझ्या तीन संध्याकाळी त्या वाक्यात गेल्या. अजूनही आठवलं की चीड येते, कारण खरी अडचण तिथेच आहे आणि नेमकं तेच कोणी नीट सांगत नाही.

बाकी सगळं खरंच सोपं आहे. नियम गणितज्ञ जॉन कॉनवेचे, १९७० साली मार्टिन गार्डनरच्या सायंटिफिक अमेरिकनमधल्या सदरातून ते सगळीकडे पोचले. जिवंत सेलला २ किंवा ३ जिवंत शेजारी असले तर तो टिकतो, नाहीतर मरतो, आणि मेलेल्या सेलला बरोब्बर ३ असले तर तो जिवंत होतो. तिरके धरून शेजारी आठ. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत ग्रिड, शेजारी मोजायचं फंक्शन, प्रिंट करणं, हे तासाभरात झालं.

मग मी घाई केली. थेट ५० बाय ५० ग्रिड रँडम भरली आणि चालू केली, स्क्रीनवर बरंच काही हलत होतं, मला वाटलं जमलं, आणि लॅपटॉप बंद करून टाकला. असं अजिबात करू नका. रँडम ग्रिडमध्ये चुकीचा कोडसुद्धा बरोबर असल्यासारखा दिसतो. आधी ५ बाय ५ घ्या आणि मधे एक ब्लिंकर टाका, म्हणजे आडवे तीन सेल, ते पुढच्या पिढीत उभे व्हायला पाहिजेत आणि त्याच्या पुढच्या पिढीत परत आडवे.

माझे झाले नाहीत. वरच्या ओळीत दोन सेल आले, खालच्या ओळीत दोन आणि त्यांच्या मधे भोक, म्हणजे जो मधला सेल मरायलाच नको होता तोच मेला. मी कागदावर चौकटी आखून एकेक सेल हाताने चालवला तेव्हा दिसलं की वरच्या ओळीत मधला सेल बरोबर जन्मला, पण त्याच्या उजवीकडच्या सेलने मोजताना या आत्ताच जन्मलेल्याला पण धरलं, त्याचे दोनाचे तीन शेजारी झाले आणि तोही जन्मला. म्हणजे नवी पिढी जुन्या पिढीतच मिसळत होती. पण मी तर कॉपी घेतली होती! वाचून जुन्यातून, लिहून नव्यात, कोड दहा वेळा वाचला, कुठे काही चूक दिसेना. नियमच उलटे लिहिलेत की काय म्हणून ते पण दोनदा पुसून परत लिहिले.

शेवटी आयडी हे, प्रत्येक वस्तूचा स्वतःचा वेगळा ओळख नंबर देणारं फंक्शन लावून जुन्या आणि नव्या ग्रिडच्या पहिल्या ओळीचा नंबर प्रिंट केला. दोन्ही नंबर अगदी सारखे. ग्रिड म्हणजे लिस्टच्या आत लिस्ट, आणि चौकटी कंसात कोलन टाकून कॉपी केली की फक्त बाहेरची लिस्ट नवी होते, आतल्या ओळी त्याच राहतात. पुठ्ठा नवा, पानं जुनीच. ट्युटोरियलवाल्याने हे अर्ध्या ओळीत सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

आणि कळल्यावरही लगेच सुटलं नाही. मी म्हटलं कॉपीच नको, शून्यांची एक ओळ करू, ती एका लिस्टमध्ये ठेवू आणि त्या लिस्टला ५ने गुणू, रिकामी ग्रिड तयार. चालवलं तर दुसऱ्याच पिढीला सगळा स्क्रीन कोरा. कारण गुणल्यावर पाच ओळी होत नाहीत, एकच ओळ पाच ठिकाणी दिसते, प्रत्येक ओळीचं उत्तर आधीच्या उत्तरावर लिहिलं जातं आणि शेवटची ओळ रिकामी म्हणून अख्खी ग्रिड रिकामी. प्रत्येक ओळ लूपमध्ये वेगळी बनवा, किंवा सरळ डीपकॉपी, म्हणजे आतल्या ओळींसकट सगळं नवं करणारी कॉपी, वापरा. ते केलं आणि ब्लिंकर उभा राहिला, आडवा झाला, परत उभा. मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली.

हो, शेजारी मोजताना स्वतःला वगळायचं हे सांगायचं राहिलं. ते विसरलात तर ब्लिंकरचा पहिल्याच पिढीत पाच सेलचा अधिकच्या चिन्हासारखा आकार होतो, दुसऱ्या पिढीत फक्त चार कोपरे उरतात आणि तिसऱ्या पिढीत सगळं कोरं. हे असं दिसलं की दुसरीकडे शोधू नका, चूक तीच.

कडांचं पण बघा. पायथनमध्ये वजा एक म्हणजे शेवटचा सेल, त्यामुळे डावी आणि वरची कड गुपचूप पलीकडून मोजली जाते, एरर येत नाही, आणि उजवीकडे किंवा खाली गेलं की इंडेक्स एरर. मी आधी बाहेरचे सगळे मेलेले धरले होते, नंतर दोन्ही इंडेक्सना ग्रिडच्या साइजने मॉड्युलो लावला, म्हणजे साइजने भागून फक्त बाकी घेतली, की चारी कडा जोडल्या जातात. फक्त आर-पेंटोमिनो हा पाच सेलचा आकार अशा छोट्या ग्रिडवर टाकून ११०३ पिढ्यांनी स्थिर होईल म्हणून वाट बघू नका, तो आकडा अमर्याद ग्रिडचा आहे, इथे निसटलेले ग्लायडर, म्हणजे तिरके सरकत जाणारे पाच सेलचे आकार, फिरून परत येतात आणि धडकतात.

शेवटची परीक्षा मी ग्लायडरची घेतली. तो ४ पिढ्यांत एक घर तिरका सरकतो, म्हणजे कडा जोडलेल्या २० बाय २० ग्रिडवर ८० पिढ्यांनी जागेवर यायला पाहिजे. ७९ला तो अजून नव्हता, ८०ला आला, बरोब्बर त्याच पाच सेलमध्ये. मी तीनदा चालवून बघितलं.